सात जणांचा संघ, पण चढाईला एकच

प्रश्न थोडक्यात असा: सहा शाळकरी मुलांच्या सुपरहिरो टीमची अ‍ॅनिमेशन मालिका लिहायची आहे. भाग ११ मिनिटांचे. पहिल्या भागाचे चार खर्डे झाले. प्रत्येकाला समान वेळ दिलाय, प्रत्येकाची शक्ती एकदा तरी वापरलीय, आणि तरीही वाचणारे म्हणतात की कुणीच लक्षात राहत नाही. 'जस्टिस लीग' या अमेरिकी सुपरहिरो मालिकेत तर सात जण होते, त्यांना कसं जमलं?

मी १७ वर्षं अ‍ॅनिमेशन मालिकांसाठी लिहिते आहे. त्याआधी दोन वर्षं स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांचा चित्रांतला आराखडा, काढायचे. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण त्याचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय: 'प्रत्येकाला समान वेळ दिलाय.' हे पंगतीतलं वाढप झालं. पंगतीत ते न्यायाचं असतं, पडद्यावर नसतं. सहा पानांवर दोन-दोन चमचे वाढलेत आणि सहाही पाहुणे अर्धपोटी उठलेत.

तुम्हाला वाटतंय की अडचण वेळेची आहे, ११ मिनिटं भागिले सहा. मला तसं वाटत नाही. तुमच्या भागाची जी ओळ तुम्ही दिलीय ती पाहा: 'खलनायक धरणाचं पाणी पळवतो आणि सहा जण मिळून त्याला अडवतात.' यात संकट गावाचं आहे. सहांपैकी एकाचंही नाही. 'मिळून' हा शब्द लेखकाला फार फसवतो. जे सगळ्यांनी मिळून केलं ते कुणाच्याच नावावर जमा होत नाही.

कबड्डी आठवा. संघात सात जण असतात, पण चढाईला एकच जातो. बाकीचे सहा रिकामे बसलेले नसतात, पण त्या ३० सेकंदांत प्रेक्षकाचा श्वास रेषेपलीकडे गेलेल्या त्या एकात अडकलेला असतो. पुढची चढाई दुसऱ्याची. 'जस्टिस लीग' नीट पाहिली तर ती जवळजवळ अशीच रचलेली आहे. म्हणून भाग उलगडून सांगते.

ही मालिका अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर नोव्हेंबर २००१मध्ये सुरू झाली. निर्माता ब्रूस टिम. दोन सीझनमध्ये ५२ भाग झाले, मग २००४पासून 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या नावाने आणखी ३९. म्हणजे एकूण ९१. पहिल्या ५२मधल्या बहुतेक गोष्टी दोन-दोन भागांच्या आहेत, काही तीन भागांच्या, आणि एकच गोष्ट एका भागात संपते. म्हणजे सात जणांसाठी त्यांनी एका गोष्टीला साधारण ४५ मिनिटं घेतली. तुमच्याकडे ११ आहेत. त्यामुळे 'त्यांना जमलं, मला का नाही' ही तुलनाच तुमच्यावर अन्याय करणारी आहे, हे आधी लक्षात घ्या.

आणि त्यांनाही सुरुवातीपासून जमलेलं नव्हतं. 'सीक्रेट ओरिजिन्स' ही तीन भागांची सुरुवात मला आजही थोडी कवायतीसारखी वाटते: मंगळावरून आलेलं संकट, एकामागून एक जमणारे हिरो, प्रत्येकाने आपली शक्ती दाखवून रांगेत उभं राहायचं. पहिल्या सीझनमध्ये आणखी एक खोड होती. खलनायक किती जबरदस्त आहे हे दाखवायला तो सुपरमॅनला लोळवायचा. दर वेळी. चाहत्यांनी त्यावर भरपूर बोंब मारली आणि दुसऱ्या सीझनमध्ये सुपरमॅन जरा सुपरमॅनसारखा वागू लागला. यातून शिकायची गोष्ट अशी की टीममधला सगळ्यात ताकदवान माणूस लेखकाला सगळ्यात जास्त छळतो. तुमच्या यादीत ती डोंगर हलवणारी मुलगी आहे ना? ती छळणार आहे. तिच्याकडे नंतर येते.

पण त्याच पहिल्या सीझनमध्ये 'इन ब्लॅकेस्ट नाइट' आहे. ग्रीन लँटर्न, म्हणजे जॉन स्ट्युअर्ट, यंत्रमानवांच्या ताब्यात स्वतःहून जातो, कारण आपल्या हातून एक अख्खा ग्रह नष्ट झाला असं त्याला वाटतंय. परग्रहावर खटला उभा राहतो. टीम त्याला सोडवायला येते तर त्यालाच सुटायचं नाहीये. आता इथे सुपरमॅनची ताकद काय कामाची? जो माणूस स्वतःला दोषी मानतो त्याला खेचून बाहेर काढता येत नाही. त्याचं वकीलपत्र कोण घेतो, तर विजेच्या वेगाने धावणारा फ्लॅश. टीममधला सगळ्यात बडबड्या. आणि मग त्याला कळतं की तिथे आरोपी दोषी ठरला तर वकिलालाही तीच शिक्षा असते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. घरात एकटीच होते, तरी. एका फटक्यात फ्लॅशची बडबड, त्याची मैत्री आणि त्याचा जीव, तिन्ही पणाला लागतात. चढाई ग्रीन लँटर्नची आहे, पण त्याच्या बाजूने फ्लॅश उभा राहिला की दोघेही लक्षात राहतात. बाकीचे मारामारी सांभाळतात. तीही हवीच, मुलं तीच बघायला बसलेली असतात.

यावरून मी स्वतःसाठी एक सवय लावून घेतली. कोऱ्या कागदावर सगळ्यात वर लिहायचं, 'हा भाग कुणाचा?' उत्तरात एकच नाव. फार तर दोन, तेही त्या दोघांत काहीतरी अडलेलं असेल तर. त्याखाली लिहायचं, 'त्याची शक्ती इथे निरुपयोगी का आहे?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर कथेला हातच लावायचा नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या सुरुवातीच्या एका मालिकेत पाच मुलं होती. चॅनेलकडून निरोप आला की पाचांचीही खेळणी निघणार आहेत, तेव्हा प्रत्येक भागात पाचही जण दिसले पाहिजेत आणि प्रत्येकाने आपली शक्ती वापरली पाहिजे. मी मान डोलावली. सहा भाग तसे लिहिले. अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासकट जोडलेला कच्चा व्हिडिओ, बघताना दिग्दर्शकाने मध्येच थांबवून विचारलं, 'हा कोणता भाग? चौथा की पाचवा?' मलाही सांगता आलं नाही. एका भागातलं वाक्य दुसऱ्या भागात, एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या तोंडी घातलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

शेवटी आम्ही तोडगा काढला तो असा: पाचही जण दिसतील, पण चौघांचं काम त्या एकाच्या अडचणीला उजेड देणं. एक त्याला चुकीचा सल्ला देईल, एक त्याची टर उडवेल, एकीला खरं कळलेलं असेल पण ती बोलणार नाही. खेळणी विकणाऱ्यांना तक्रार नव्हती, कारण चेहरे पाच दिसतच होते.

सगळ्यांना एकाच भागात वाव द्यायचा असेल तर तोही मार्ग आहे, पण अवघड. दुसऱ्या सीझनमधली 'ओन्ली अ ड्रीम' बघा. खलनायक स्वप्नांत शिरतो. सुपरमॅनला स्वप्न पडतं की त्याची ताकद त्याच्या आवाक्याबाहेर गेलीय आणि जवळच्या माणसांना नुसता स्पर्श केला तरी त्यांना इजा होतेय. फ्लॅश इतका वेगवान झालाय की भोवतालचं जग गोठून गेलंय, बोलायला कुणी नाही. आकाशात उडणारी हॉकगर्ल शवपेटीत बंद. ग्रीन लँटर्न आपल्याच माणसांना परका झालाय. आणि बॅटमॅनला काय? त्याला फक्त जागं राहायचंय. बस्स. टीममधला मंगळवासी, मंगळावरचा मॅनहंटर, मनात शिरू शकतो, म्हणून तो आत जातो. संकट एकच, पण ते प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारतं, आणि तो प्रश्न त्याच्या शक्तीतूनच निघतो. वेग हीच फ्लॅशची कैद. तुमचं 'धरणाचं पाणी' सहाही जणांना एकच प्रश्न विचारतंय, 'अडवता येईल का?' म्हणून सहाही जण एकसारखे दिसतात.

मात्र हे ४५ मिनिटांत शक्य झालं. ११ मिनिटांत सहा दुःस्वप्नं घ्याल तर प्रत्येकाला दोन मिनिटंही येणार नाहीत. दोन घ्या.

इथपर्यंतचं थोडक्यात: भाग एकाचा, अडचण अशी की त्याची शक्ती तिथे चालत नाही, आणि इतर जण त्या अडचणीच्या भोवती उभे. आता तुम्ही विचारलेलं नाही पण विचारायला हवं होतं असं काही सांगते.

गैरहजेरी. नवे लेखक याला फार घाबरतात. 'कम्फर्ट अँड जॉय' हा पहिल्या ५२मधला तो एकमेव एका भागाचा किस्सा, डिसेंबर २००३मधला, नाताळचा. सुपरमॅन मंगळावरच्या मॅनहंटरला आपल्या आईवडिलांच्या शेतावरल्या घरी सुट्टीला नेतो. फ्लॅश अनाथ मुलांसाठी एक खेळणं शोधत फिरतो. ग्रीन लँटर्न हॉकगर्लला बर्फात खेळायला नेतो आणि ती त्याला परग्रहावरच्या एका गुत्त्यात हाणामारी करायला नेते, कारण तिची सणाची कल्पना तीच. बॅटमॅन अवकाशातल्या तळावर ड्यूटीला आहे, विषय संपला. जग वाचवण्याचं काम सुरुवातीलाच उरकलेलं. आणि त्या भागातला सगळ्यात सुंदर क्षण कोणता, तर आपला ग्रह आणि आपली माणसं गमावलेला तो मंगळवासी, घरात एकटा आहे असं समजून, आपल्या खऱ्या रूपात मांजरीसमोर आपल्या भाषेतलं गाणं म्हणतो. बाकी कुणी तिथे असतं तर तो क्षण आलाच नसता. कोण नाही हे ठरवणंसुद्धा लेखनच आहे.

कारण मात्र एका वाक्यात द्या. 'ती मामाच्या गावाला गेलीय.' मुलांना पटतं. न पटलं तर ती त्यावर स्वतःची गोष्ट रचतात.

यात पैशांचाही हिशेब आहे. प्रत्येक पात्र पडद्यावर आणायचं म्हणजे त्याची मॉडेल शीट (सगळ्या बाजूंनी काढलेलं नमुनाचित्र), त्याचे ओठ, त्याच्या प्रतिक्रिया. सहा जण एका फ्रेममध्ये उभे केले आणि एकच बोलतोय, तर उरलेल्या पाचांचं काय करायचं? पापण्या मिटवायच्या. टू-डी कटआउटमध्ये, म्हणजे सुटे अवयव जोडून हलवायच्या सपाट चित्रांत, पात्राचा हलवता येणारा सांगाडा (रिग) तयार असला की खर्च कमी होतो, पण सहा जणांची एकत्र हालचाल बसवायला वेळ लागतोच. स्टोरीबोर्ड काढणाऱ्याला 'सगळे चकित होतात' हे वाक्य वाचल्यावर काय वाटतं ते मला विचारा.

संख्या वाढली तर काय होतं याचं सगळ्यात धाडसी उत्तर 'अनलिमिटेड'मध्ये आहे. तिथे सात जणांचे पन्नासच्या वर झाले. माझी पहिली प्रतिक्रिया होती, संपलं, आता नुसती जत्रा होणार. झालं उलटंच. पहिल्याच 'इनिशिएशन'मध्ये सभागृह हिरोंनी भरलेलं दाखवलं आणि कामगिरीवर पाठवले चौघे. गोष्ट कुणाची? धनुष्यबाणवाल्या ग्रीन अ‍ॅरोची. त्याला मुळात टीममध्ये यायचंच नाहीये. एवढी अवाढव्य संघटना साध्या माणसांकडे कधी लक्ष देणार, हा त्याचा सवाल. पन्नास जणांचा बाजार मांडला आणि त्याबद्दलच शंका घेणाऱ्याला आधी पुढे केला. भाग २२ मिनिटांचे, गोष्टी बहुतेक एका भागात संपणाऱ्या, आणि तरी माणसं जास्त ठळक. संख्या वाढली तशी निवड करणं भाग पडलं असावं, असा माझा अंदाज.

त्या सगळ्यात मला जिवापाड आवडणारा भाग 'द ग्रेटेस्ट स्टोरी नेव्हर टोल्ड'. अख्खी लीग मॉर्ड्रू नावाच्या जादूगाराशी लढतेय. ती लढाई आपल्याला धड दाखवतच नाहीत. कॅमेरा बूस्टर गोल्ड या दुय्यम हिरोबरोबर राहतो, ज्याला गर्दी आवरायच्या कामाला लावलंय. त्याला प्रसिद्धी हवी, जाहिराती हव्यात, आणि हातात आहे 'मागे सरका, मागे सरका'. मग बाजूच्याच गल्लीत एका शास्त्रज्ञाच्या पोटात कृष्णविवर तयार होतं आणि जग वाचवायची पाळी बूस्टरवर येते. तो वाचवतो. कुणालाच कळत नाही. वर बॅटमॅनची बोलणी खावी लागतात, गर्दी सोडून कुठे गेला होतास म्हणून. तुमच्या धरणाच्या गोष्टीला ही चावी लावून बघा: पाच जण धरणावर लढतायत, आणि सहाव्याला सांगितलंय, 'तू म्हशी वर काढ.'

शक्तीवाचून सुटणाऱ्या प्रसंगाचा नमुना हवा असेल तर 'फ्लॅश अँड सब्स्टन्स' बघा. खलनायकांच्या अड्ड्यावर ट्रिकस्टर नावाचा खलनायक बसलाय. बॅटमॅन आणि लीगमधलाच ओरायन त्याला दमात घ्यायला निघालेत. फ्लॅश त्यांना थांबवतो, त्याच्याशेजारी बसतो आणि विचारतो की औषधं घेणं बंद केलंस का. पुन्हा उपचार सुरू कर, मी भेटायला येईन, आपण डार्ट्स खेळू, तुला आवडतात ते मऊवाले. ट्रिकस्टर हवी ती माहिती देऊन टाकतो. जगातला सगळ्यात वेगवान माणूस इथे जिंकतो तो बसून, सावकाश बोलून. शक्तिशाली पात्राचं काय करायचं याचं उत्तर यात आहे. तुमच्या डोंगर हलवणाऱ्या मुलीला असा प्रसंग द्या जिथे तिला काहीतरी नाजूक धरायचंय. भावाचा हात म्हणा, चिमणीचं अंडं म्हणा.

आता सलग कथा की सुट्या गोष्टी, हे तुम्ही ओझरतं विचारलंय. हे पूर्णपणे चॅनेलवर अवलंबून आहे. मुलांच्या चॅनेलवर भाग कोणत्याही क्रमाने, दिवसातून चारदा लावतात. तिथे 'मागील भागावरून पुढे' चालत नाही. ओटीटीसाठी लिहीत असाल तर थोडी मोकळीक आहे. 'जस्टिस लीग'ने मधली वाट काढली. 'अ बेटर वर्ल्ड' ही २००३ची गोष्ट: दुसऱ्या एका विश्वात फ्लॅश मारला गेलाय, सुपरमॅनने आपला जुना शत्रू, अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या लेक्स लूथरला ठार केलंय आणि लीग हुकूमशहा बनलीय. गोष्ट तिथे संपते, सुटी बघता येते. पण पुढे 'अनलिमिटेड'मध्ये सरकारला वाटू लागतं की आपलेही हिरो असे झाले तर? त्या भीतीवर बरेच भाग उभे राहतात आणि 'डिव्हायडेड वी फॉल'मध्ये फ्लॅश खरोखर हातचा जायची वेळ येते. ज्याने जुनी गोष्ट पाहिलीय त्याच्या पोटात गोळा येतो. न पाहिलेल्यालाही थरार पुरतो. हॉकगर्लचंही तसंच. ती हेर निघते ते 'स्टारक्रॉस्ड'मध्ये, आणि टीमने तिच्याबद्दल काय ठरवलं ते ऐकण्याआधीच ती राजीनामा देऊन निघून जाते. ते टोचतं, कारण आधीच्या सुट्या भागांत ती आणि ग्रीन लँटर्न हळूहळू जवळ आलेले आपण पाहिलेले असतात.

दुसरा पर्याय त्याच काळातल्या 'टीन टायटन्स' या किशोरवयीन सुपरहिरोंच्या मालिकेचा. तिथे पाच जण, पाच सीझन, आणि प्रत्येक सीझनचा कणा कुणा एकाभोवती: पहिला रॉबिनचा, तिसरा सायबॉर्गचा, चौथा रेव्हनचा, वगैरे. त्यांच्यातल्या स्टारफायरच्या वाट्याला सीझन आलाच नाही, याचा राग मला अजून आहे. तुमच्याकडे सहा मुलं आहेत म्हणजे एका सीझनच्या २६ भागांत प्रत्येकाच्या वाट्याला चार भाग येतात आणि दोन उरतात. समान वाटप करायची हौस तिथे फेडा.

वय किती हा मुद्दा राहिला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी लिहीत असाल तर माझं बरंचसं म्हणणं सैल करा. त्या वयात पुनरावृत्ती आवडते, सहा जणांनी ओळीने आपापली घोषणा दिली की ती खूश असतात, आणि तुमचा चौथा खर्डा आहे तसा चालूनही जाईल. तुम्ही आठ ते बारा म्हणालात. त्या वयाला मात्र अन्याय, गुपित आणि फजिती या तीन गोष्टी चटकन कळतात.

तर आता तुमचं धरण. सहांपैकी मला सगळ्यात रस आहे तो लांबचं ऐकू येणाऱ्या मुलात. चारही खर्ड्यांत त्याने एकच काम केलंय: 'ऐका, कुणीतरी येतंय!' समजा हा भाग त्याचा. रात्री त्याला धरणाच्या दिशेने खलनायकाचा आवाज येतो, आणि त्याच्याशी बोलणारा दुसरा आवाज त्याच्या वडिलांचा आहे. ते धरणावर दरवाजे उघड-बंद करायच्या कामाला आहेत. सकाळी टीम विचारते, 'काय ऐकलंस?' तो म्हणतो, 'काहीच नाही.' पहिल्यांदाच खोटं बोललाय. डोंगर हलवणारी त्याच्यावर विश्वास ठेवून टीमला भलत्याच बाजूला घेऊन जाते. अदृश्य होणारा चोरून त्याच्या मागे जातो. धावणारी आणि उडणारा गावात माणसं हलवतायत, त्यांना दोन वाक्यं पुरतील. यंत्रांशी बोलणारीला या भागापुरतं आजीकडे पाठवा, नाहीतर ती दरवाजांशी बोलून तीन मिनिटांत सगळं मिटवेल.

वडील खलनायकाला सामील आहेत की त्यांना धमकावलंय, हे तुम्ही ठरवा. मी असते तर धमकावलं असतं, आणि धमकी त्या मुलावरूनच दिली असती. पाचवा खर्डा त्याच्या 'काहीच नाही'पासून सुरू करा.